कुळगीच्या रानातील कवंदी

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे वाटेत कुळगी लागते. वनखात्याच्या निसर्गशिबिरामुळे आणि १९५६ साली घोषित झालेल्या अभयारण्यामुळे हे नाव आता प्रवाशांच्या तोंडी बसले आहे. काळी नदी, साग, बांबूची बेटे आणि नशिबात असल्यास एखाद्या काळ्या बिबळ्याचे दर्शन, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. आम्हांस या मुलखाकडे ओढून नेणारी वस्तू निराळी आहे. जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत विखुरलेल्या सिद्दी वस्त्यांत, कुंपणावर किंवा अंगणातील दोरीवर, उन्हात घातलेले एक जाड, रंगीबेरंगी, हाताने शिवलेले पांघरूण दिसते. त्याला कवंदी म्हणतात.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी गोधडी असेल. कोणी तिला वाकळ म्हणेल, कन्नड शेजारी कौदी म्हणेल, संस्कृतात तिलाच कंथा हे नाव आहे आणि बंगालने ते जसेच्या तसे राखले आहे. जुन्या लुगड्याचे दुपटे करून त्यात नव्या जिवाला गुंडाळण्याची आमची रीत आणि चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव झाडू मारीत हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोकांनी दिलेले ‘गोधडेबुवा’ हे नाव, ही दोन्ही एकाच मुळाची पाने होत. झिजलेल्या कापडात माणसाची ऊब राहते, ही आमची समजूत फार जुनी आहे.

तथापि कवंदी ही केवळ गोधडीची रानातील बहीण नव्हे. तिची स्वतःची घडण आहे. खाली एक जुनी साडी पसरावयाची, हा पाया. मग एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने ठिगळे लावीत जावयाचे आणि फेऱ्यामागून फेरा घालीत मध्यभागी पोहोचावयाचे. ठिगळे आधी एकमेकांस जोडून मग सर्व थर टाचावयाचे, असा क्रम येथे नाही. ठिगळाची कड दुमडणे, ते बसविणे आणि खालच्या थरासह शिवणे हे एकाच धावदोऱ्याने, एकाच वेळी होते. हा टाका सबंध पृष्ठभागावर ओळीने उमटत जातो आणि दोऱ्याचा रंग कापडाच्या रंगाहून वेगळा असला म्हणजे टाक्यांचीच एक नक्षी ठिगळांच्या नक्षीवर चढते. कागदावर आखणी नसते, मोजमाप नसते. हाताशी असलेल्या चिंध्यांत कोणता रंग शिल्लक आहे, शेजारच्या ठिगळाने काय मागितले आहे, यावर पुढचे ठिगळ ठरते. मध्यभागी हात पोहोचला की शिवण संपली. मात्र चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घातलेली रंगीत कापडे लावावी लागतात. त्यांना ‘फुलां’ म्हणतात. फुलां नसतील तर कवंदी उघडी राहते, असे शिवणाऱ्या बाया सांगतात. ‘उघडी’ या शब्दातील लज्जेची छटा आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

ख्रिस्ती घरातील कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरातील कवंदीवर चंद्रकोर. हिंदू सिद्दीही आहेतच. एकाच रक्ताचे हे लोक तीन धर्मांत वाटले गेले असले, तरी पूर्वजांची, म्हणजे ‘हिरियारूं’ची, आठवण तिघांनीही ठेवली आहे. आणि जी बोली घरात बोलली जाते ती, कन्नड व मराठीची भर पडलेली का होईना, कोंकणीच आहे. या मासिकाच्या दोन्ही भाषांचे हे सगोत्र आमच्या सभा-संमेलनांत फारसे कधी दिसले नाहीत, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

हे लोक येथे आले कसे? मराठी वाचकास ‘सिद्दी’ म्हटल्याबरोबर जंजिरा आठवतो, आणि अहमदनगरची निजामशाही सावरून धरणारा, १६२६ साली मरण पावलेला, मलिक अंबर आठवतो. ते हबशी तलवारीच्या बळावर सत्तेपर्यंत चढले. जंजिऱ्याचे संस्थान तर थेट १९४८ पर्यंत टिकले. कारवारच्या रानातील सिद्द्यांची कहाणी बहुतांशी दुसऱ्या टोकाची आहे. १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि पुढील तीन शतकांहून अधिक काळ मोझांबिक व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे गलबतांत भरून तेथे विकली जात राहिली. त्यांपैकी जे पळाले, किंवा ज्यांस मोकळे करण्यात आले, त्यांतील पुष्कळांनी घाट चढून या अरण्याचा आश्रय केला.

वकिलाच्या दृष्टीला येथे एक गोष्ट विशेष जाणवते. उत्तर कानडा १७९९ नंतर इंग्रजी अमलाखाली होता. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील न्यायालयांस गुलामावरील मालकीचा हक्क मानण्यास मनाई केली. घाटाखाली पोर्तुगीज राज्यात मात्र गुलामी रद्द करणारा हुकूम १८६९ साली निघाला. म्हणजे मधली सव्वीस वर्षे अशी होती की, रानातील एका अदृश्य रेषेच्या पलीकडे जो माणूस मालमत्ता होता, तो अलीकडे आला की कायद्याच्या डोळ्यांपुढे मनुष्य होत असे. अर्थात कायद्याने मनुष्य झाला म्हणून पोटाला मिळते असे नाही. येथे आल्यावरही जमीनदाराच्या बागायतीत राबणे, कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या बांधले जाणे, हे सुटले नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्द्यांचे नाव चढावयास २००३ साल उजाडावे लागले. धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतील सिद्द्यांस तर २०२० पर्यंत वाट पाहावी लागली.

अशा माणसांनी आफ्रिकेतून बरोबर आणले ते काय? पेटारे नव्हेत, वस्त्रे नव्हेत. कवंदीतील उसळते रंग व सममिती मोडणारी मांडणी पाहून अभ्यासकांना पश्चिम आफ्रिकेतील आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्रकलेची आठवण होते. आमच्या मते या साम्यावर फार मोठा इमला उभारू नये. ठिगळकाम हिंदुस्थानात सर्वत्र होते, आणि कवंदी ही वापरून वापरून विरून जाणारी वस्तू असल्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीची कवंदी साक्षीला उभी करता येत नाही. मात्र ही कला सिद्दी स्त्रीची आहे, हे सिद्ध करण्यास आफ्रिकेच्या दाखल्याची गरजच काय? डोळ्यांपुढची वस्तू पुरेशी आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री जॉन ड्रूअल हे योरुबा कलेचे जाणकार. ते या शतकाच्या आरंभी सिद्दी वस्त्यांत आले व कवंदी पाहून थबकले. २००४ साली सिद्दी स्त्रियांची शिवणकामाची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २०११ साली न्यूयॉर्कमधील हार्लेम येथील शोंबर्ग केंद्रात कवंद्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. अंगणातील दोरीवरची वस्तू दिवाणखान्याच्या भिंतीवर गेली! मुलांच्या अंगावर घालावयाची, किती जण तिच्याखाली झोपणार त्यावरून लांबी-रुंदी ठरवावयाची, ती आता हात न लावता पाहावयाची झाली.

यात आम्हांस वावगे वाटत नाही. तंतूंची कला भिंतीवर, किंवा भिंत सोडून जमिनीवर, आणण्याचा उद्योग साऱ्या जगात चालू आहे. स्वित्झर्लंडातील लोझान येथे १९६२ साली भित्तिवस्त्रांचे द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले आणि विणकराला शिल्पकाराच्या पंक्तीस बसता येऊ लागले. आपल्याकडे १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी बडोद्यास के. जी. सुब्रह्मण्यन यांच्यापाशी शिकून सणाच्या दोरीला गाठी मारमारून ‘यक्षी’, ‘देवी’, ‘वनश्री’ अशा पुरुषभर उंचीच्या मूर्ती घडविल्या. त्याही आराखडा काढीत नसत. एक गाठ पुढच्या गाठीस वाट दाखवी. १९९४ साली ऑक्सफर्डला त्यांचे प्रदर्शन झाले. २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले आणि आठवड्याभरातच त्या निवर्तल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कने त्यांना पुन्हा पाहिले. त्यांच्या प्रत्येक कृतीखाली त्यांचे नाव आहे. ‘यक्षी’ कोणी केली, असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

कवंदीचा प्रश्न येथेच सुरू होतो. पाहणारा म्हणतो, ‘ही सिद्द्यांची कला.’ म्हणजे जमातीची, म्हणजे कोणा एकीची नव्हे. परंतु दोन कवंद्या शेजारी ठेवल्या तर एकीचा हात दुसरीच्या हाताहून वेगळा ओळखू येतो, हे शिवणारीला पक्के ठाऊक असते. अमेरिकेत अलाबामातील गीज बेंड या गावी गुलामांच्या वंशजांनी शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात झळकल्या, २००६ मध्ये त्या टपाल तिकिटांवर आल्या. आणि २००७ मध्ये त्यांतीलच काही स्त्रियांना मोबदल्यासाठी व हक्कांसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते दावे पुढील वर्षी मिटले. नाव पाटीवर असूनही जर ही गत, तर नावच नसेल तेथे काय?

आमच्या कायद्याची या बाबतीतील व्यवस्था वाईट नाही, फक्त ती कोणी सांगत नाही. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यात ‘कलात्मक कारागिरीची कृती’ ही चित्र-शिल्पांच्याच कलमात बसते. अशा कृतीचा हक्क ती निर्माण होताच करणारीकडे येतो, नोंदणीची अट नाही, आणि तो तिच्या मरणानंतर साठ वर्षे चालतो. कवंदी विकली म्हणजे कापड विकले. तिच्या रचनेचा हक्क वेगळ्या लेखी कराराशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नाही. आणि सत्तावन्नाव्या कलमान्वये ‘ही मी केली’ असे म्हणण्याचा अधिकार तर हक्क विकल्यावरही उरतो. सावध राहावयाचे ते दोन ठिकाणी. नोकरी म्हणून शिवले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक धनी ठरतो. तेव्हा शिवणारी स्त्री संस्थेची सभासद आहे की पगारी कामकरीण, हे आरंभीच कागदावर यावे. दुसरे, नोंदणी न केलेली नक्षी तिच्या परवानगीने यंत्रावर पन्नासांहून अधिक वेळा काढली गेली, की पंधराव्या कलमाने त्या नक्षीवरचा हा हक्क संपतो. छापील चादरींच्या कारखानदाराने कितीही गोड बोलून सही मागितली, तरी आधी हे कलम वाचून दाखविणारा कोणी तरी शेजारी असला पाहिजे.

आमच्या देवस्थानांच्या जत्रांतून हस्तकलेची दुकाने मांडली जातात; त्यांत कवंदीला जागा द्यावी. जागा देताना कोपऱ्यातील एखाद्या फुलाच्या पाठीमागे शिवणारीचे नाव व गाव, कन्नडात किंवा नागरीत, दोऱ्याने घालून घ्यावे, आणि पावतीवर तेच नाव लिहावे.