तारेंतील तूट आणि मुळशीची जमीन

अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील पारनेर हें सेनापति पांडुरंग महादेव बापट यांचें जन्मगांव. 1880 सालीं जन्मलेले बापट 1904 सालीं शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरो येथें यंत्रशास्त्र शिकावयास गेले, आणि पुढें मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाचे नायक झाले. म्हणूनच तो लढा म्हणजे अडाणी माणसांनीं यंत्रयुगास केलेला विरोध होय, हें मत आम्हांस मान्य नाहीं. त्याचें मर्म कळण्यास विजेचें थोडें गणित पाहिलें पाहिजे.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें 1827 सालीं प्रसिद्ध केलेला नियम साधा आहे: विजेच्या दाबास प्रवाहानें भागिलें कीं रोध निघतो. दिव्यावर 220 व्होल्ट दाब असून त्यांतून 2 अँपियर प्रवाह जात असेल, तर रोध 110 ओहम. त्याच दोन अंकांचा गुणाकार केला म्हणजे शक्ति मिळते: 440 वॅट. पुढें 1841 सालीं इंग्रज शास्त्रज्ञ जूल यानें दाखविलें कीं, तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध इतकी असते. प्रवाह दुप्पट, तर तूट चौपट!

आतां समजा, 10,000 किलोवॅट शक्ति दूरच्या शहरीं न्यावयाची असून तारांचा एकंदर रोध 10 ओहम आहे. दाब 10,000 व्होल्ट ठेविला, तर प्रवाह 1,000 अँपियर होतो, आणि सगळी शक्ति तारेंतच जळून जाते. शहरास कांहींच उरत नाहीं. दाब एक लक्ष व्होल्ट केला, तर प्रवाह 100 अँपियर आणि तूट अवघी 100 किलोवॅट, म्हणजे शेंकडा एक. ह्या हिशेबानें ‘जेथें पाणी तेथेंच कारखाना’ हें जुनें बंधन तोडलें. 1915 सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून मुंबईस वीज मिळूं लागली, ती ह्याच बळावर.

परंतु बंधन तुटलें तशी जबाबदारीहि दूर गेली. पाणी सांठावयाचें मावळांत, वीज निघावयाची घाटाखालीं भिरा येथें, आणि चाकें फिरावयाचीं मुंबईंत! मुळशीच्या खोऱ्यांतील भातशेतें व घरें मात्र पाण्याखालीं जाणार होतीं. 16 एप्रिल 1921 रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. 1924 पर्यंत लढा मावळला. 1927 सालीं भिरा येथील केंद्र सुरू झालें.

आम्ही विजेचे वैरी नव्हे. हा लेखहि तिच्याच उजेडांत लिहिला जात आहे. पण ज्या शास्त्रानें तारेंतील शेंकडा एक तूटहि मोजून जमेस धरिली, त्याच शास्त्राच्या नांवानें उभ्या राहिलेल्या कामांत गेलेल्या गांवांची तूट कोणत्या रकान्यांत मांडली गेली? यंत्रशास्त्र शिकलेल्या पारनेरकरांस पहिला हिशेब समजत नव्हता असें नाहीं. दुसराहि मांडला जावा, एवढाच त्यांचा आग्रह होता.