रोजचा पगार : प्लेगच्या मुंबईतली एक उधारी

१८९७ च्या सुरुवातीला मुंबईत एक वेगळाच बाजार भरत होता. गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहत आणि कामगार मिळवण्यासाठी एकमेकांवर बोली चढवत. त्या दिवसाचा पगार त्याच दिवशी हातावर ठेवण्याची तयारी असेल, तरच मजूर गिरणीच्या फाटकातून आत पाऊल टाकी. प्लेगचा इतिहास आपण बहुधा रँड, टिळक आणि घरझडतीच्या अंगाने वाचतो. मला मात्र या रोजच्या पगाराची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले ते सप्टेंबर १८९६ मध्ये. त्यानंतर रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवणे सुरू झाले आणि गिरणगावात रोगाइतकीच रुग्णालयाची धास्ती पसरली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. मग लोक गावाकडे निघाले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सव्वाआठ लाखांच्या या शहरातली निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पडली होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांशी कामगाराचा धागा तुटलेला नव्हता, म्हणूनच त्याला जाता आले. सत्तर हजारांवर हात लागणाऱ्या गिरण्यांना आता माणूस मिळेना.

रोजच्या पगाराचा हट्ट का, हे समजून घ्यायला आधीची रीत पाहावी लागते. गिरणीत पगार महिन्याचा असे, आणि तोही पुढचा महिना बराच सरल्यावर हाती पडे. एक तारखेला केलेल्या कामाचे दाम मिळायला दीड महिना किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. मध्येच काम सोडले तर अडकलेल्या पगारावर पाणी सोडावे लागे. तोवर घर चाले ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. नीट पाहिले तर इथे कामगारच मालकाला बिनव्याजी उधार देत होता. प्लेगने ही उधारी अशक्य केली. उद्या आपण जिवंत असू की नाही, गावी असू की रुग्णालयात, हे ज्याला ठाऊक नाही तो महिनाभराचे श्रम कोणाच्या भरवशावर मागे ठेवील?

या मागणीचा एक पूर्वेतिहास आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर आणखी एक मागणी होती : मागील महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. केवढी माफक मागणी! रविवारच्या सुट्टीला मालक १८९० मध्ये राजी झाले. पगाराच्या तारखेचे घोंगडे भिजतच राहिले. आणि पंधरा तारीख मागणाऱ्यांना १८९७ मध्ये रोजच्या रोज दाम मिळू लागले. त्याच फेब्रुवारीत, ९ तारखेला, लोखंडे स्वतः प्लेगने गेले.

पण हा विजय होता का? माझ्या मते नाही. मालकांचे मन वळले नव्हते. माणसे कमी पडली होती, एवढेच. साथ ओसरून गावी गेलेले लोक परतू लागताच मालकांनी महिन्याच्या पगाराची जुनी पद्धत पुन्हा आणायला सुरुवात केली. त्यावरून काही गिरण्यांत संप झाले, तरी जुनी रीत परत आली. टंचाईने दिलेले टंचाईबरोबरच गेले. ठरावीक मुदतीत पगार देण्याचे बंधन आले ते १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने : हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेपर्यंत, इतरत्र दहा तारखेपर्यंत. लोखंड्यांच्या अर्जानंतर बावन्न वर्षांनी.

कायद्याने मिळालेले तरी साथीत टिकते का, हा प्रश्न २०२० ने विचारला. त्या वर्षी मजूर पुन्हा गावाकडे निघाले, पण कारखानेच बंद असल्याने त्यांच्यासाठी बोली लावणारा नाक्यावर कोणी नव्हता. टाळेबंदीतही पूर्ण पगार द्यावा, हा केंद्राचा २९ मार्चचा आदेश मेमध्ये मागे घेतला गेला. गुजरातने साथीचे कारण देऊन कारखान्यांत बारा तासांच्या पाळीला आणि जादा कामाला दुपटीऐवजी साध्या दराने मोबदला द्यायला मुभा दिली. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा कोणीतरी न्यायालयात जाऊन भांडले, म्हणून कायदा उभा राहिला.

साथ मालक आणि कामगार यांच्यातले वजन काही काळ इकडेतिकडे करते. कधी या पारड्यात, कधी त्या. ते वजन कायमचे हलवण्याचे काम मात्र लोखंड्यांच्या अर्जासारख्या चिकाटीच्या गोष्टीच करतात, साथीच्या आधी आणि साथीनंतरही.