वतन आणि वतन

मागच्या आठवड्यात वर्गात नेताजी पालकरांचा विषय निघाला. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोचले नाहीत म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांना दूर केलं. ते आदिलशाहीत गेले, तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी मोगलांत ओढलं आणि पुढच्या वर्षी औरंगजेबाने त्यांचा मुहम्मद कुलीखान केला. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे गद्दार ना, सर?" आणि चार-दोन नजरा माझ्याकडे वळल्या. या नजरांची मला सवय आहे.

मी फळ्यावर एक शब्द लिहिला : वतन. मराठीच्या तासाला मी त्याचा अर्थ पाटील-देशमुखांचा पिढीजात हक्क असा सांगतो, उर्दूच्या तासाला मायदेश. त्या काळचा सरदार लढायचा तो बहुतेक वेळा पहिल्या वतनासाठी. धनी बदलणं ही तेव्हा चाकरीतली गोष्ट होती. 'नमकहराम' या शिवीतसुद्धा देश नाही, मीठ आहे.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. १६२४ मध्ये भातवडीला ते मलिक अंबरसोबत मोगल-आदिलशाही फौजेविरुद्ध लढले आणि थोड्याच काळात आदिलशाहीत गेले. पुन्हा निजामशाहीत आले. १६२९ मध्ये निजामशहाने त्यांचे सासरे लखुजी जाधवरावांना मुलांसकट दौलताबादेत मारवलं, तेव्हा राजे मोगलांकडे गेले. मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान यानेही निजामशहाला मारून मोगलांचीच वाट धरली. शहाजहानने राजांना दिलेला मुलूख काढून या फत्तेखानाला दिला, तसे राजे फिरले. पेमगिरीवर निजामशाही वंशातलं मूल गादीवर बसवून त्यांनी एका मुसलमान तख्तासाठी तीनेक वर्षं झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीला ते संपलं आणि पुन्हा आदिलशाही.

राजांना कुणी गद्दार म्हणत नाही, म्हणूही नये. फत्तेखानाला आपण पटकन म्हणतो. त्याने धनीच मारला, हा फरक आहेच. पण पोरांच्या तोंडी तो फरक येत नाही, नाव येतं.

आणि सिद्दी हिलाल? आदिलशाही सोडून तो महाराजांकडे आला. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजींबरोबर गेला, तेव्हा त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन सिद्दी जौहरच्या हाती सापडला. हे नाव वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

१६७६ मध्ये नेताजी परत आले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं, हे मी सांगितलं. मघाचाच पोरगा म्हणाला, "मग मधली नऊ वर्षं ते कोण होते, सर?"

मला उत्तर सुचलं नाही. तास संपला होता.