हँडल, वारा आणि मनगट

नोव्हेंबर २०१७ मध्ये इटलीतल्या मिलानच्या मोटारसायकल प्रदर्शनात रॉयल एन्फिल्डने दोन गाड्या एकाच वेळी जगासमोर आणल्या: इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०. दोन्हींना ६४८ सीसीचं तेच इंजिन आणि तीच चासी. तरीही एकीवरून उतरून दुसरीवर बसलं की पाठ, मान आणि मनगटं वेगळीच हकीकत सांगू लागतात. इंटरसेप्टरचं हँडल रुंद, उंच आणि मधे आडवी नळी जोडलेलं. जीटीला अखंड हँडल नाहीच. पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांना घट्ट आवळून बसवलेले दोन आखूड तुकडे आहेत. त्यांना क्लिप-ऑन म्हणतात. फूटरेस्टही थोडे मागे सरकवलेले. पहिलीवर माणूस ताठ बसतो, दुसरीवर टाकीवर ओणवा होतो.

ही दोन्ही हँडलं मूळची दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांतली, पण अटलांटिकच्या दोन वेगळ्या काठांवरची. आज ‘पाठ दुखते, हँडल बदलून द्या’ म्हणत गॅरेजमध्ये जाणारा माणूस नकळत या जुन्या घराण्यांपैकी एकाची निवड करत असतो. त्यातलं प्रत्येक घराणं ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेगात वाढलेलं आहे. हे ठाऊक नसलं की दुकानात भिंतीला टांगलेल्या हँडलांतून फक्त दिसायला बरं असलेलं हँडल निवडलं जातं.

सुरुवात मोटारीच्याही आधीची आहे. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल ड्राइसने दोन चाकांचं लाकडी धावयंत्र बनवलं. पॅडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत पुढे जायचं. पुढचं चाक वळवायला दांडा होता, आणि त्याच्यामागे, पोटाशी, हाताचे पुढचे भाग टेकवायला गादी लावलेली आडवी फळी. म्हणजे दुचाकीच्या अगदी पहिल्या आराखड्यातच हातांचा भार कुठे जाणार याचा विचार झालेला होता. ड्राइसचं हे शहाणपण पुढची शंभर वर्षं अनेकदा हरवलं.

पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या. त्यांचं हँडल स्वाराच्या मांड्यांच्या बरोबर वरून जायचं. चाक दगडाला अडलं की स्वार पुढे फेकला जायचा, पाय हँडलखाली अडकायचे आणि डोकं आधी जमिनीवर यायचं. त्यावर इंग्लंडमध्ये व्हॉटन नावाचं हँडल निघालं. ते मांड्यांच्या खालून मागे वळवून आणलेलं होतं, म्हणजे फेकलं गेल्यावर पाय मोकळे राहावेत आणि माणूस निदान पायांवर पडावा. आरामाचा मुद्दा तिथे नव्हताच, जीव वाचवण्याचा होता. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने सारख्या मापाच्या दोन चाकांच्या दिशेने नेणारी रोव्हर सायकल आणली आणि हा प्रश्न मुळातून मिटत गेला. त्याच वर्षी कानश्टाटमध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचं इंजिन बसवलं. मोटारसायकलचा जन्म तिथला.

सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या. सीट खाली आणि मागे, त्यामुळे हँडल लांबलचक, मागे ओढलेलं. वेग कमी, रस्ते कच्चे, म्हणून ते चाललंही. पण याच काळात हँडलवर नवी जबाबदारी आली. हवा, पेट्रोल, ठिणगीची वेळ, ब्रेक अशा सगळ्यांच्या लिव्हर तिथे गोळा होऊ लागल्या. अमेरिकेत इंडियन कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मूठ पिळून गाडीवर ताबा ठेवण्याची पद्धत रुळवली. ब्रिटनमध्ये पुढची कित्येक वर्षं बोटांनी सरकवायच्या लिव्हरच चालल्या. मला हा बदल हँडलाच्या आकारापेक्षाही मोठा वाटतो. सरकवलेली लिव्हर तिच्या जागी राहते, हात मोकळा होतो. आजची मूठ मात्र सोडली की स्प्रिंगने मागे फिरते, म्हणून उजवं मनगट तासन्‌तास पिळलेल्या अवस्थेत अडकून पडतं. हँडलाचा कोन दोन अंशांनी चुकला तरी मनगटाला कळतं, ते यामुळे.

मग शर्यती आल्या आणि हँडल खाली झुकलं. अमेरिकेत १९१०च्या दशकात लाकडी फळ्यांच्या उतरत्या गोल ट्रॅकवर गाड्या पळत, तेव्हा स्वार जवळजवळ टाकीवर आडवे असत. कारण वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला जाणवणारी हवा १२०ला छातीवर चौपट जोराने रेलते. याचं टोकाचं उदाहरण १३ सप्टेंबर १९४८चं. अमेरिकेतल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर रोली फ्री हा स्वार व्हिन्सेंट मोटारसायकलवर पालथा झोपला, पाय मागे सरळ ताणलेले. आधीच्या फेरीत चामड्याचे कपडे वाऱ्याने फाटले होते, म्हणून अंगावर फक्त पोहण्याची चड्डी. ताशी १५० मैलांचा, म्हणजे जवळपास २४१ किलोमीटरचा टप्पा त्याने ओलांडला. शरीराचा आकार हाही इंजिनाचाच एक भाग असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवलं.

क्लिप-ऑनचं घराणं या मुशीतलं. ब्रिटिश शर्यतींच्या गाड्यांवरून ते १९५०च्या दशकात रस्त्यावर उतरलं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये सुरू झालेला एस कॅफे युद्धानंतर तरुण स्वारांचा अड्डा बनला. ताशी १०० मैल, त्यांच्या भाषेत ‘टन’, गाठणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. ही कामगार वस्त्यांतली मुलं. शर्यतीची गाडी परवडत नव्हती, म्हणून नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचं इंजिन बसवायचे, मूळ हँडल काढून क्लिप-ऑन लावायचे. कंपन्यांनी हे हेरलं. रॉयल एन्फिल्डची मूळ कॉन्टिनेंटल जीटी, २५० सीसीची, १९६४-६५ मध्ये कारखान्यातूनच क्लिप-ऑन लावून बाहेर पडली.

त्या वेगाला ते हँडल चूक नव्हतं. ओणव्या बैठकीत वरच्या धडाचा बराच भार मनगटांवर येतो, पण ताशी १०० किलोमीटरच्या पुढे समोरचा वारा छातीखाली शिरून तो भार उचलून धरतो. पुण्यात लक्ष्मी रोडवरून त्याच बैठकीत निघालात तर वारा मदतीला येत नाही. सिग्नलगणिक ब्रेक दाबताना सगळं वजन तळहातांवर उतरतं, आणि अर्ध्या तासात करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात, कारण तळहाताच्या त्या कडेतून जाणारी नस दाबली जाते.

अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर, कॅलिफोर्नियात, रस्ता वेगळा होता आणि शरीरही वेगळं बसत होतं. वाळवंटातल्या शर्यतींमध्ये स्वार फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवायचा. रेतीत पुढचं चाक सतत इकडेतिकडे भिरकावलं जातं. हँडल जितकं रुंद तितकी ते सावरायला कमी ताकद लागते. म्हणून रुंद, उंच, आणि आपटलं तरी वाकू नये म्हणून मधे आडवी नळी. ब्रिटिश कंपन्यांनी अमेरिकेला पाठवायच्या गाड्यांना उंच हँडल आणि घरच्या बाजारातल्या गाड्यांना ठेंगणं हँडल लावायला सुरुवात केली. एकच ट्रायम्फ बॉनव्हिल दोन देशांत दोन बैठकींत विकली गेली. साठच्या दशकातली मूळ इंटरसेप्टरही अमेरिकी गिऱ्हाइकावर डोळा ठेवून केलेली गाडी होती. आजच्या इंटरसेप्टरच्या हँडलातली आडवी नळी ही त्या वाळवंटाची खूण.

याच मातीतून हात खांद्यांच्या वर ताणून धरायला लावणारी अतिउंच हँडलं निघाली. १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ती जगभर नेली. त्यातल्या गाड्या क्लिफ व्हॉन्स आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांनी घडवल्या होत्या आणि कित्येक वर्षं त्यांचं नावही कुणी घेतलं नाही, याची खंत वाटते. पण बैठक म्हणून हे हँडल मला अजिबात पटत नाही. हात उंच धरल्याने रक्त खाली उतरतं, खांदे अवघडतात आणि अडचणीच्या क्षणी गाडी वळवायला जोर मिळत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हँडलाच्या उंचीवर कायद्याने मर्यादा घातली, ते योग्यच केलं.

आरामाचं गणित खऱ्या अर्थाने मांडलं ते बीएमडब्ल्यूने. १९७६ची आर १०० आरएस ही गाडी इटलीत पिनिनफारिना या डिझाइन कंपनीच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवली गेली. तिचं हँडल अरुंद आणि ठेंगणं होतं, पण पुढचं पूर्ण आवरण वारा अडवायचं, त्यामुळे दिवसभर वेगाने जाणारा स्वार थकत नसे. मग १९८० मध्ये त्यांचीच आर ८० जी/एस आली: रुंद, उंच हँडल, डांबर आणि खडी दोन्हींसाठी. पुढच्याच वर्षी ह्युबर्ट ऑरिओलने त्या जातीच्या गाडीवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. आजच्या साऱ्या अ‍ॅडव्हेंचर गाड्यांची बैठक तिथून आली आहे.

आपल्याकडे हँडलाचा इतिहास कामाच्या गाडीचा आहे. बुलेट, जावा-येझदी, राजदूत या सगळ्यांची हँडलं मध्यम उंचीची आणि जराशी मागे वळलेली होती. दोन्ही बाजूंना कॅन लावून पहाटे दूध घालणाऱ्याला, मागे बायको आणि टाकीवर पोर बसवून बाजाराला जाणाऱ्याला तेच हँडल हवं होतं. १९८५ला आलेल्या हिरो होंडा सीडी १००नेही तीच बैठक ठेवली. ओणवी बैठक सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ठळकपणे आली ती २००७च्या पल्सर २२०सोबत, आणि ताणून पाय पुढे टाकायची बैठक त्याआधी दोन वर्षं अ‍ॅव्हेंजरसोबत.

म्हणून हँडल बदलायचं असेल तर आधी मूळ हँडलच नीट लावून पाहा. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ते थोडं पुढेमागे फिरवता येतं. ब्रेक-क्लचच्या लिव्हर अशा झुकवाव्यात की बोटं ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तरीही पुढे वाकावं लागत असेल तर मूळ हँडलखाली त्याची उंची वाढवणारे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, म्हणजे रायझर, बसवणं हा नवं हँडल घेण्यापेक्षा शहाणा मार्ग. सीट, फूटरेस्ट आणि हँडल हा त्रिकोण आहे. फूटरेस्ट मागेच ठेवून हँडल फार वर आणलं तर सगळं वजन माकडहाडावर येतं आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका सरळ कण्यात जातो. पाठ किंचित पुढे झुकलेली, कोपरं सैल वाकलेली, ही बैठक खड्ड्यांच्या रस्त्यावर सर्वांत जास्त टिकते.

नवं हँडल बसवल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस आपोआप वाढली तर एक्सलेटरची वायर आखूड पडते आहे. ब्रेकचा पाइप ताणला जातो का, बोटं टाकीला चिमटतात का, हेही पाहा. यातलं एकही दिसलं तर गाडी बाहेर काढू नका.

आणि निवड करताना आपला वेग प्रामाणिकपणे विचारात घ्या. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेने मोटारसायकलला चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि शहरात ६० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवली होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्रातले वेगवान रस्ते, आणि त्या दोन्हींवर दुचाकीला प्रवेशच नाही.