‘मास्टर’ ही उपाधी

साखळीला वाळवंटीकाठच्या विठ्ठल मंदिरातील चैत्रोत्सव असो वा पेडणे-डिचोलीतील एखादी जत्रा, देवाच्या पुढ्यात नाटक उभे करणे हा गोमंतकातील जुना रिवाज असून गोड गळ्याचा मुलगा हेरणारे कान अशाच मांडवांत तयार झाले. रंगभूमीवर स्त्रिया नसलेल्या काळात नाटक मंडळ्यांना, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या व्यावसायिक नाट्यसंस्थांना, स्त्रीभूमिकांसाठी अशी मुले हवी असत. मात्र कंठ फुटून, म्हणजे वयात येताना आवाज जाड होऊन, मिसरूड दिसू लागले तरी पोरवयात नावाआधी लागलेले ‘मास्टर’ पुष्कळदा सुटत नसे. मंगेशी येथे १९०० साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर १९१४ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१८ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळीचे चालक झाले. ‘भावबंधन’ नाटकातील त्यांची लतिका नऊवारी सावरीत तान घेई तेव्हा थिएटर डोलत असे, परंतु त्या टाळ्यांनी हिशेबाची वही राखण्याचे शिक्षण दिले नव्हते, आणि ते कोणी द्यावे अशी रीतही नव्हती. बोलपट आला, मंडळीने स्वतः काढलेल्या चित्रपटांनी कर्ज वाढवले, मद्याने प्रकृती खालावली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, ४१व्या वर्षी, ‘मास्टर’ दीनानाथ निवर्तले. थोरली मुलगी लता तेव्हा १२ वर्षांची होती. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात कॅमेऱ्यापुढे उभी राहिली.