प्रीती, जिज्ञासा आणि संहिता

ख्रिस्ती जीवनात प्रीती आणि ज्ञान यांचे नाते कोणते, हा प्रश्न सेंट पॉलइतका जुना आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने प्रीतीला ज्ञानाहून वरचे स्थान दिले. परंतु त्यावरून प्रीतीला ज्ञानाची गरजच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये या प्रश्नाला वाचनपद्धतींच्या संघर्षाचे रूप आले. क्लेअरव्होचा बर्नार्ड हा प्रीतीचा आणि पीटर आबेलार हा बुद्धीचा प्रतिनिधी, अशी त्याची मांडणी रूढ आहे. ती सोयीची असली, तरी प्रत्यक्ष संहितांपुढे टिकत नाही.

वरवर पाहता भेद स्पष्ट आहे. बर्नार्डने 1135 पासून ‘गीतरत्ना’वर 86 प्रवचने रचली, 1153 मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा आठ अध्यायांपैकी तिसरा नुकताच सुरू झाला होता. शब्द मनात मुरवीत, स्मरणात घोळवीत वाचण्याची मठातील रीत येथे पराकोटीला पोहोचते. उलट, आबेलारने ‘सिक एत नॉन’ या ग्रंथात 158 प्रश्नांवर धर्माचार्यांची परस्परविरोधी वचने शेजारी शेजारी मांडली आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम वाचकावर सोपविले. संशयातून शोध आणि शोधातून सत्य, ही त्याची भूमिका होती. प्रीती हीच आकलन होय असे मानणाऱ्या सेंट-थिएरीच्या विल्यमने 1140 मध्ये आबेलारच्या विधानांवर आक्षेप घेतले. बर्नार्डने ते उचलून धरले आणि 1141 च्या साँस येथील धर्मसभेत आबेलारची मते दोषी ठरली.

तथापि, वादाचे एक सूत्र रूढ मांडणीला छेद देते. ‘रोमकरांस पत्रा’वरील भाष्यात आबेलारने ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे मर्म मानवाच्या अंतःकरणात प्रीती चेतविण्यात पाहिले, आणि बर्नार्डला नेमके हेच अपुरे व घातक वाटले. दुसरीकडे, बर्नार्डही ज्ञानाला सरसकट नाकारीत नाही. तो ज्ञानामागील हेतू तपासतो: केवळ कुतूहल, कीर्ती वा धन यांसाठी मिळविलेले ज्ञान त्याला त्याज्य वाटते, परहितासाठी मिळविलेले ज्ञान हे त्याच्या लेखी प्रीतीचेच कार्य ठरते. म्हणजे वाद प्रीती हवी की ज्ञान, हा नव्हताच. प्रीती करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे काय, हा तो होता.

या प्रश्नाचे उत्तर दोघांच्या वादाबाहेर, एलोईजच्या लेखनात सापडते. एकेकाळची आबेलारची प्रेयसी व पत्नी असलेली ही विदुषी पुढे पॅराक्लीट मठाची अध्यक्षा झाली. पवित्र शास्त्र वाचताना पडलेले 42 प्रश्न तिने आबेलारकडे पाठविले. सोबतच्या पत्रात ती जेरोमला शास्त्रार्थ विचारणाऱ्या मार्सेलाचे स्मरण करते, आणि वचनांचा अर्थ न उमगल्याने मठातील भगिनींची वाचनाची गती मंदावते, त्या वचनांवरील प्रीतीही उणावते, अशी तक्रार मांडते. अज्ञान श्रद्धेचे रक्षण करीत नाही, ते प्रीती क्षीण करते, हा या तक्रारीचा इत्यर्थ होय. म्हणूनच तिचा प्रश्न शास्त्राविरुद्ध नाही. शास्त्रावरील प्रीती टिकावी यासाठी तो आहे.

आस्वाद की चिकित्सा, असा पर्याय साहित्यसमीक्षेपुढेही वारंवार ठेवला जातो. संहितेला प्रश्न विचारणारा तिच्यापासून दुरावतो, हे गृहीतक त्यामागे असते. पॅराक्लीटमधील 42 प्रश्न त्या गृहीतकाविरुद्धचा जुना आणि सबळ पुरावा आहेत.