नवं वर्ष, पुन्हा मैदान : गोंदियात १६०० मीटरची तयारी नव्याने सुरू करताना काय लक्षात ठेवावं?

धानाची कापणी झाली, पुंजणे रचून झाले, मळणी उरकून धान खरेदी केंद्रावर पोहोचलं. दिवाळीनंतरच्या मंडया झाल्या, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकंही बघून झाली. गोंदिया जिल्ह्यात साधारण याच सुमारास कॅलेंडर बदलतं आणि पोलीस, अग्निवीर किंवा वनरक्षक भरतीची तयारी करणारी मुलंमुली पुन्हा मैदानाकडे वळतात.

मध्ये दोन-तीन महिन्यांचा खंड पडलेला असतो. संकल्प मात्र मोठा असतो. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून १६०० मीटर जीव तोडून पळायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहा-बारा दिवसांत नडगी ठणकायला लागते आणि जानेवारी संपायच्या आत मैदान सुटतं.

असं का होतं? खंडानंतर परत कसं यावं? आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात जोरात धावायला लागण्याआधी सिकलसेलची तपासणी का करून घ्यावी? समजून घेऊया.

आधी ध्येय समजून घ्या

'या वर्षी फिट व्हायचं' हे ध्येय मोजता येत नाही. भरतीचं ध्येय मात्र सेकंदात मोजता येतं.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते.

- पुरुष : १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण), ७.२६ किलोचा गोळाफेक (१५ गुण)
- महिला : ८०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण), ४ किलोचा गोळाफेक (१५ गुण)

अलीकडच्या भरतीत १६०० मीटरचे पूर्ण २० गुण मिळवायला ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत धावावं लागतं. महिलांसाठी ८०० मीटरला ही वेळ २ मिनिटं ५० सेकंद आहे. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर मुलांनी प्रत्येक फेरी साधारण ७७ सेकंदांत मारायची, तीही सलग चार वेळा. मुलींसाठी दोन फेऱ्या, प्रत्येकी ८५ सेकंदांत. नियम बदलू शकतात, त्यामुळे जाहिरात निघाली की त्यातला तक्ता बघायलाच हवा.

मैदानी चाचणीत निम्मे गुण मिळवणं बंधनकारक असतं, पण तेवढ्याने भागत नाही. एका जागेमागे दहा उमेदवार या हिशेबाने पुढे लेखी परीक्षेला बोलावलं जातं. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागे जवळपास शंभर जण. त्यामुळे एकेक सेकंद महत्त्वाचा ठरतो आणि त्यातूनच घाई होते.

आता दुसरी तारीख बघा. त्याच भरतीची मैदानी चाचणी १९ जूनपासून सुरू झाली होती. १ जानेवारीला तयारी सुरू करणाऱ्याच्या हातात तेव्हा साडेपाच महिने होते. प्रत्येक भरतीचं वेळापत्रक वेगळं असतं. पण आजपासून तीन महिने मिळणार असतील, तर पहिला महिना सावकाश घालवणं परवडतं.

खंड पडला की शरीरात काय होतं?

धावणं थांबवलं की सगळ्यात आधी दम जातो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंना सराव बंद करायला सांगितलं होतं. पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घसरली, पुढे ही घट १६ टक्क्यांपर्यंत गेली. सुरुवातीच्या घसरणीचं मोठं कारण म्हणजे रक्तातला द्रव भाग कमी होतो आणि हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलतं.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हा दम परतही लवकर येतो. तीन-चार आठवडे नियमित धावलं की श्वास बराच सुधारतो.

अडचण इथेच आहे. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते 'अजून पळ', पण नडगीचं हाड अजून त्या माऱ्याला तयार नसतं. नडगी दुखणं, टाच दुखणं, हाडाला बारीक तडा जाणं या दुखापती बहुतेकदा याच काळात होतात.

'पण दोन महिने बांधीतच काम केलं, भारे उचलले, मग शरीर तयारच आहे की' असंही अनेकांना वाटतं. त्यात तथ्य आहे. कंबर, खांदे आणि पकड या कामाने मजबूत होते आणि गोळाफेकीला त्याचा फायदाच होतो. पण धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. हा मार सोसायची सवय वाकून धान कापताना लागत नाही.

१२ आठवड्यांचा साधा आराखडा

हा आराखडा खंडानंतर परतणाऱ्या निरोगी तरुणांसाठी आहे. आधी कधीच धावला नसाल तर प्रत्येक टप्पा दुप्पट लांबवा.

*आठवडा १ ते ३ : चालणं आणि हळू धावणं.* आठवड्यातून चार दिवस. २ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला, असं २० ते २५ मिनिटं. वेग इतकाच ठेवा की धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळ लावून १६०० मीटर मारायचं नाही. दोन दिवस उठाबशा, दंड, पोटाचे व्यायाम आणि पायऱ्यांवर टाचा उचलणं.

*आठवडा ४ ते ६ : सलग धावणं.* २० मिनिटांवरून हळूहळू ३५ मिनिटांपर्यंत. एका आठवड्यात एकदम मोठी उडी नको. शेवटी ८० मीटरच्या चार-पाच धावा थोड्या वेगात, पण पूर्ण जोर न लावता.

*आठवडा ७ ते १० : वेग.* आठवड्यातून दोनच दिवस. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर ३ मिनिटं चालून विश्रांती. फेरीचा वेग तुमच्या आजच्या वेळेवरून ठरवा. आज १६०० मीटरला ६ मिनिटं ४० सेकंद लागत असतील तर फेरी १०० सेकंदांची होते. सुरुवात ९७-९८ सेकंदांनी करा, थेट ७७ ने नाही. १०० मीटरचा जोरदार सरावही याच टप्प्यात. मांडीच्या मागचा स्नायू थंडीत चटकन ताणला जातो, त्यामुळे आधी १५ मिनिटं शरीर गरम करणं गरजेचं.

*आठवडा ११ आणि १२ : चाचणी.* ११ व्या आठवड्यात सराव थोडा कमी करा. १२ व्या आठवड्यात पूर्ण मैदानी चाचणी घ्या आणि वेळ वहीत लिहा. पुढच्या तीन महिन्यांचं ध्येय त्या आकड्यावरून ठरेल.

वनरक्षक भरतीसाठी अंतर वेगळं आहे : पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३ किलोमीटर. शिवाय चार तासांत अनुक्रमे २५ आणि १६ किलोमीटर चालण्याची चाचणी असते. त्यांनी वेगापेक्षा लांब पल्ल्यावर जास्त भर द्यावा.

गोंदियात आधी सिकलसेल तपासा

फिटनेसच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये ही गोष्ट सापडत नाही. पूर्व विदर्भ हा देशातल्या सिकलसेलचं प्रमाण जास्त असलेल्या पट्ट्यांपैकी एक आहे आणि गोंदिया जिल्हा त्यात येतो. हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये जास्त आढळतो, पण एखाद्या समाजापुरता मर्यादित नाही.

सिकलसेलचं जनुक आई किंवा वडील, कुणा एकाकडूनच आलं तर ती व्यक्ती 'वाहक' असते. दोघांकडूनही आलं तर सिकलसेलचा आजार होतो. वाहक व्यक्ती सहसा पूर्ण निरोगी असते, शेतात राबते, खेळते. आपण वाहक आहोत हे अनेकांना आयुष्यभर कळतही नाही.

पण तयारी नसताना एकदम टोकाचा जोर लावला, त्यात ऊन आणि शरीरात पाणी कमी असलं, तर वाहकांमध्ये लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. स्नायूंच्या पेशी तुटतात, त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो आणि क्वचित जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत २००६ मध्ये एका विद्यापीठाच्या फुटबॉलपटूचा सरावानंतर असाच मृत्यू झाला. त्यानंतर २०१० पासून तिथल्या विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम आला.

याचा अर्थ वाहकांनी भरतीचं स्वप्न सोडावं असा अजिबात नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांमध्ये मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. स्नायू तुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. तिथल्या लष्करात पाणी, विश्रांती आणि उष्णतेबाबतची काळजी सगळ्यांसाठीच सक्तीची आहे, हे इथे महत्त्वाचं.

वाहक असाल तर :

- सराव हळूहळू वाढवा, खंडानंतर पहिल्या दिवशी वेळ लावून धावू नका
- दोन फेऱ्यांमधली विश्रांती पूर्ण घ्या, पाणी पीत राहा
- ताप, जुलाब किंवा जागरण झालं असेल त्या दिवशी जोराचा सराव टाळा
- प्रशिक्षकाला आणि सोबत्यांना सांगून ठेवा

सिकलसेलचा आजारच असेल तर कोणता व्यायाम किती करायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

तपासणीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. बोटातून थोडं रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून वाहक की आजार हे नक्की केलं जातं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं, त्याअंतर्गतही तपासणी होते. त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या. मुलींनी तर नक्कीच. रक्त कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही.

केव्हा थांबायचं?

जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचे मृत्यू झाले होते. पुढे शिपाई भरतीतलं हे अंतर कमी करण्यात आलं.

धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पायांत अचानक ताकदच उरली नाही तर तिथेच थांबा. 'एवढी फेरी पूर्ण करतो' म्हणू नका. सरावानंतर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुणी कोसळलं तर १०८ वर फोन करा, व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

दुखणं दाबायला वेदनाशामक गोळी घेऊन धावणं हा मूत्रपिंडाशी खेळ आहे. आणि 'स्टॅमिना वाढवणाऱ्या' इंजेक्शनच्या नादी लागाल, तर तब्येत आणि भरती दोन्ही गमावून बसाल.

थंडी, अंधार आणि जेवण

जानेवारीत गोंदियाचं किमान तापमान अनेकदा विदर्भात सगळ्यात कमी असतं, १० अंशांच्याही खाली जातं. सूर्य उगवतो पावणेसातच्या सुमारास. त्यामुळे पहाटे पाचला धुक्यात महामार्गाच्या कडेने धावणं धोक्याचं आहे. मैदान, शाळेचं पटांगण किंवा तलावाच्या पाळीवरची माती बरी, तिथे पायांनाही मार कमी बसतो. रस्त्यावरच धावायचं असेल तर उजाडल्यावर, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने आणि कानात इअरफोन न घालता.

भात सोडायची गरज नाही. धावणाऱ्याला इंधन लागतं आणि भात हे चांगलं इंधन आहे. कमी पडतं ते प्रथिन. ताटात भाताचा ढीग आणि वाटीभर पातळ वरण असेल तर प्रमाण बदला : घट्ट वरण, अंडी, तलावातली मासळी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे. महागडी पावडर नसली तरी चालतं.

झोप सात-आठ तास हवी. रात्रभर नाटक बघून आलात तर त्या दिवशी फक्त चाला.

भरती द्यायची नसेल तर?

ज्यांना फक्त तब्येत सुधारायची आहे त्यांना ७७ सेकंदांच्या फेरीची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. रोज अर्धा तास झपझप चालणं, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने १५० मिनिटं होतात. वरच्या आराखड्यातले पहिले सहा आठवडे अशांनाही चालतील. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आठवडा चुकला तर?

उन्हाळी धानाची रोवणी, घरातलं लग्न, ताप, काहीही येऊ शकतं. चार-पाच दिवस चुकले तर सोडलं होतं तिथूनच सुरू करा. दोन आठवडे गेले तर आराखड्यात दोन आठवडे मागे जा. महिना गेला तर पहिल्या टप्प्यापासून सुरू करा, दम लवकर परत येईल. बुडालेला सराव एका दिवसात भरून काढायचा नाही.

वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी पुरतात : आजची वेळ, १२ आठवड्यांनंतरची वेळ आणि सिकलसेल तपासणीचा निकाल. तिसरी ओळ रिकामी असेल, तर या आठवड्यात आधी आरोग्य केंद्रात जाऊन या. तोपर्यंत चालायला आणि हळू धावायला हरकत नाही.